पिशवीचा गुरुवार

छोट्या डॉक्टरांना यातून काय सुटणार आहे, याचा हिशेब टाइमकीपरने कुशीवर थंडगार औषधाचा बोळा फिरत असतानाच मांडून टाकला. वय तिशीच्या आत, डोळ्यांखाली काळं, खिशात तीन पेनं आणि तिन्हींना टोपण नाही. बारा पेशंट मिळवायचे, प्रत्येकाचं आठ वेळा पाणी काढायचं, शहाण्णव कागद भरले की एक प्रबंध. प्रबंध मंजूर झाला की नावामागे चार अक्षरं लागणार आणि नावापुढचं ‘छोट्या’ गळून पडणार. एवढा तिचा फायदा. त्याचा फायदा काय, ते तिनेच कागदावरून वाचून दाखवलं.

“तुम्हाला यातून थेट फायदा होईलच असं नाही. पण पुढे येणाऱ्या पेशंट्सना होईल.”

“पुढे येणारे म्हणजे कोण?”

“जे अजून आले नाहीत ते.”

“म्हणजे गैरहजर,” टाइमकीपर म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

बत्तीस वर्षं तो एका कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होता. कार्डावर वेळेचा छाप, उशीर झाला तर लाल शिक्का, तीन लाल शिक्के म्हणजे अर्धा दिवस खाडा. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. हॉस्पिटलातल्या सिस्टरसुद्धा आठवड्याभरात त्याला टाइमकीपरकाका म्हणायला लागल्या. कॅन्सर फुफ्फुसाचा होता, आणि फुफ्फुसाभोवती पाणी साठायचं. तीन-चार दिवसांत लिटरभर. त्यासाठी उजव्या कुशीत एक मऊ नळी कायमची बसवली होती. पाणी काढलं की दोन दिवस श्वास पुरायचा. मग पुन्हा चपला घालायला वाकलं तरी धाप.

पाणी काढायचे दोन मार्ग होते. एक बाटली: कडक प्लॅस्टिकची, आतली हवा आधीच ओढून घेतलेली. नळीला जोडली की ती तहानलेल्यासारखी पाणी खेचायची, पंधरा मिनिटांत काम फत्ते. दुसरी पिशवी: ती जमिनीलगत ठेवायची आणि पाणी आपल्या वजनाने उतरेल तसं उतरू द्यायचं. तासभर लागायचा. छोट्या डॉक्टरांचं म्हणणं असं की पिशवीने फुफ्फुस हळूहळू उघडतं, म्हणून दुखणं कमी होतं. म्हणणं सिद्ध करायचं म्हणून सोमवारी बाटली, गुरुवारी पिशवी, असे चार आठवडे. दरवेळी पाणी काढून झालं की समोर एक कागद यायचा. त्यावर दहा सेंटीमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘मुळीच दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. मधे कुठेतरी पेन्सिलीने उभी खूण करायची.

पहिल्या सोमवारी बाटलीने अर्धं पाणी ओढलं आणि बरगडीच्या आतून कुणीतरी शिवण उसवावी तसं झालं. खोकल्याची उबळ आली, खांद्यापर्यंत कळ गेली. टाइमकीपरने आठ सेंटीमीटरवर खूण केली. गुरुवारी पिशवी लावली तेव्हा दोनवर. खरं तर दीडवर येत होती, पण पहिल्याच हजेरीला कुणाला इतके गुण द्यायचे नाहीत हा फाटकावरचा नियम होता.

बाटलीच्या दिवशी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. पिशवीच्या दिवशी मात्र सिस्टर तासभर एका माणसापाशी बसू शकत नव्हत्या, म्हणून मुलाला आत स्टूल मिळायचं. पिशवी किती भरली ते बघायचं, आणि दुखलं तर नळीवरचा चिमटा बंद करून हाक मारायची, एवढं त्याचं काम. मुलगा एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होता. अकराची शिफ्ट. आजार कळला त्याच दिवशी टाइमकीपरने घरात जाहीर करून टाकलं होतं: “माझ्यापायी कुणाचा खाडा झालेला मला चालणार नाही. मेलो तर सुट्टीच्या दिवशी मरेन.”

तासभर बसायचं म्हणजे काहीतरी बोलायला हवं. तो बोलला.

“एक होता आमच्याकडे, फिटर. त्याची आजी सहा वेळा वारली. सातव्यांदा रजेचा अर्ज घेऊन आला. मी म्हटलं, अरे, तुझ्यापेक्षा म्हातारीच नियमित आहे, तिचंच कार्ड काढतो आता.”

मुलगा हसला. इतक्या मोठ्याने हसला की सिस्टर डोकावून गेल्या.

“आणि तुम्ही? तुमच्या कार्डावर कधी लाल शिक्का?”

“एक.”

“कुणी मारला?”

“मीच. शिक्का माझ्याकडेच असायचा. तू झालास त्या दिवशी.”

“माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे कशाला? बस चुकली. अकरा मिनिटं उशीर.”

मुलाने मान खाली घालून पिशवीकडे बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. थोड्या वेळाने पुन्हा घड्याळाकडे. टाइमकीपरच्या नजरेतून ते सुटलं नाही. अशा गोष्टी सुटू न देण्याचाच तर त्याला पगार होता. माणूस घड्याळाकडे बघतो त्याला दोनच कारणं असतात, हे तो नव्या कारकुनांना शिकवायचा. एक, त्याला उशीर झालाय. दोन, त्याला पळायचंय. तिसरं कारण बत्तीस वर्षांत फाटकावर आलेलं नव्हतं.

त्याने हिशेब केला. पिशवी साडेनऊला लावली तर साडेदहाला सुटणार. घरी सोडून मुलगा गोदामावर पोचेतो बारा. बाटली पावणेदहाला मोकळी करते. अकराचं फाटक गाठता येतं. महिन्याला चार गुरुवार. चार लाल शिक्के. आजकाल शिक्का नसतो, माणसालाच काढून टाकतात.

“सिस्टर,” त्याने पुढच्या सोमवारी विचारलं, “हे रेघांचं प्रकरण संपलं की कायमचं काय ठेवणार? बाटली की पिशवी?”

“दोन्ही सारखं निघालं तर बाटलीच. खोली एक आणि बाहेर बाकडं भरलेलं. मोठे डॉक्टर तर आत्ताच म्हणतात, माणूस मोकळा करायला तास कशाला?”

“आणि सारखं नाही निघालं तर?”

“मग छोट्या डॉक्टर भांडतील. भांडायला त्या खमक्या आहेत.”

टाइमकीपर आत गेला. जाताना मुलाच्या खिशातून रुमाल मागून घेतला. बाटली लागली तेव्हा रुमाल दातांत धरला आणि पंधरा मिनिटं भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना पाठ केल्या. मग कागद आला. सगळं आयुष्य ज्या हाताने एका मिनिटाचीही सूट दिली नव्हती, त्या हाताने त्याने तीन सेंटीमीटरवर स्वच्छ उभी खूण केली. गुरुवारी पिशवीलाही तीन.

त्या सोमवारी सिस्टरने कागद घेतला, रुमाल उलगडून बघितला. दातांनी दोन ठिकाणी भोकं पाडली होती.

“काका, तुमची रेघ आणि तुमचा रुमाल एकमेकांशी बोलत नाहीत वाटतं.”

“रुमालाचा कागद भरायचा असतो का?”

“नाही.”

“मग राहू दे त्याला गप्प.”

सिस्टरने रुमालाची घडी घालून परत दिली. त्यांची ड्यूटी दोनला सुटायची आणि पिशवीच्या दिवशी ती तीनशिवाय सुटत नव्हती. टाइमकीपरने तेही मनात टिपून ठेवलं. दोष म्हणून नव्हे, साक्षीदाराची किंमत म्हणून.

बाहेरच्या बाकड्यावर नेहमीचे सात-आठ जण असायचे. निवृत्त बसड्रायव्हर, एक शिंपी, चष्म्याला दोरी बांधलेली ग्रंथपालबाई. प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी उभं: सून, भाऊ, मुलगी. आणि प्रत्येक उभ्या माणसाच्या मनगटावर घड्याळ. टाइमकीपर कुणाला काही शिकवायला गेला नव्हता, पण ड्रायव्हरने विचारलंच.

“तुम्ही किती मांडता हो?”

“तीन. दोन्हीला.”

“आणि खरं?”

“खरं घरी न्यायचं. पिशवी ठरली तर तुमच्या सुनेला दर आठवड्याला तासभर इथे उभं राहायला लागेल. जमेल तिला?”

ड्रायव्हरने सुनेकडे बघितलं. ती फोनवर कुणाला तरी ‘निघालेच’ म्हणत होती, आणि ते ती अर्ध्या तासापासून म्हणत होती.

“तीन म्हणजे डावीकडून ना?” ड्रायव्हरने विचारलं.

“डावीकडून.”

त्या आठवड्यात बाकड्यावर तीनची साथ आली. शिंप्याने साडेतीन मांडले, कारण सगळ्यांचं एकाच मापात बसत नाही म्हणे.

चार आठवडे संपले, शहाण्णव कागद भरले. छोट्या डॉक्टरांनी आकडे तीन-तीनदा तपासले. पहिल्या आठवड्यात फरक दिसत होता, नंतर नाही. त्याचा अर्थही त्यांना सापडला: सुरुवातीला पेशंट घाबरलेला असतो, पुढे सवय होते. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. आपल्या मनाविरुद्धचं उत्तर प्रामाणिकपणे मांडणारे विद्यार्थी हल्ली मिळत नाहीत, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. महिन्याभरात दारावर छापील कागद लागला: यापुढे सर्व पेशंट्सचं पाणी बाटलीनेच काढण्यात येईल. अंदाजे वेळ पंधरा मिनिटं.

टाइमकीपरने कागद वाचला आणि कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजल्यावर वाटायचं तसं त्याला वाटलं.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण हिशेब मिटला की समोरच्या टेबलाला कळवायचं, ही जुनी खोड. मंगळवारी मुलगा डबा घेऊन कामावर गेल्यावर त्याने गोदामाच्या फाटकाचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला.

“टाइम ऑफिस का? मी तुमच्या सुपरवायझरचा बाप बोलतोय. मीसुद्धा टाइमकीपरच. म्हटलं, आपल्यातल्या आपल्यात कळवावं. गुरुवारी त्याला उशीर व्हायचा तो माझ्यामुळे. आता होणार नाही. मागचं जरा सांभाळून घ्या.”

त्याने नाव सांगितलं. पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

“काका, ते रजेवर आहेत.”

“आज?”

“चार महिने झाले. लेखी घेतलीय रजा. वडील आजारी, असं कारण आहे. म्हणजे तुम्हीच की.” पलीकडचा जरा हसला. “तब्येत कशी आहे आता?”

टाइमकीपरने फोन ठेवला. शर्ट घातला, बटणं वरखाली लागली, तशीच राहू दिली. कठडा धरून दोन जिने उतरायला त्याला नऊ मिनिटं लागली. सगळ्यात खालच्या पायरीवर मुलगा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, मांडीवर डबा, हातात फोन.

“शिफ्ट कितीची?” बापाने मागून विचारलं.

मुलगा ताडकन उठला. डबा पडता पडता राहिला. “तुम्ही खाली कशाला आलात? हाक मारायची. मी दोन मिनिटांत...”

“चार महिने इथे बसतोस?”

“इथे नाही, कधी पलीकडच्या दुकानापाशी. पाऊस नसला तर.” मग त्याने बापाचा चेहरा बघितला. “तुम्हीच म्हणालात ना, खाडा चालणार नाही म्हणून.”

टाइमकीपर पायरीवर बसला. श्वास खालून वर यायला वेळ लागला.

“मग गुरुवारी सारखं घड्याळात काय बघायचास?”

“कुठल्या गुरुवारी?”

“पिशवीच्या.”

मुलाने डब्याची कडी उघडली, पुन्हा लावली.

“किती उरलाय ते.”

“काय? पाणी?”

“तास,” मुलगा म्हणाला. “घरी तुम्ही एवढं बोलत नाही, बाबा.”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत होतं. दोघांनी अंग चोरून वाट दिली.

दुसऱ्या दिवशी टाइमकीपर बोलावणं नसताना हॉस्पिटलात गेला. छोट्या डॉक्टरांच्या टेबलावर तांबड्या बांधणीचा प्रबंध होता, सोनेरी अक्षरांत. खिशातल्या तिन्ही पेनांना आता टोपणं होती.

“माझे कागद खोटे आहेत,” तो म्हणाला. “पहिल्या आठवड्याचे दोन सोडून.”

“म्हणजे?”

“बाटलीचे आठ होते. साडेआठसुद्धा. मी तीन लिहिले. आणि बाकड्यावरच्यांनाही मीच सांगितलं.”

“किती जणांना?”

“माझ्यासकट सात.”

त्या उठल्या आणि दार लावून आल्या. बसताना प्रबंधावर हात ठेवला, जणू वाऱ्याने उडेल.

“का केलंत?”

“मुलाचा वेळ वाचवायला.”

“वाचला?”

बाई हुशार होत्या, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“काका, त्या सातांपैकी आज कितीजण आहेत, माहीत आहे तुम्हाला?”

त्याला माहीत होतं. हजेरी तो अजूनही घेत होता. ड्रायव्हर मागच्या पंधरवड्यात गेला, शिंपी त्याच्याआधी.

“दोन. मी आणि ग्रंथपालबाई. त्यांनाही आता बोलता येत नाही.”

“मग पुन्हा विचारू कुणाला?”

“मला विचारा.”

“एका माणसावर प्रबंध उभा राहत नाही.”

“पडू तर शकतो?”

बाईंनी एक पेन काढलं, टोपण उघडलं, तारीख लिहिली. त्यापुढे काही लिहिलं नाही. “बघते मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “मोठ्या डॉक्टरांशी बोलते.”

“बघते मी” याचा अर्थ टाइमकीपरला कळत होता. बत्तीस वर्षांत हजारो अर्ज त्याने स्वतः याच दोन शब्दांखाली पुरले होते.

“निदान मला पिशवी मिळेल? उद्या गुरुवार आहे.”

“पिशव्यांची मागणी बंद झाली, काका. होत्या त्या संपल्या.” मग खाली बघत: “दुखलं तर चिमटा लावायला सांगा. थोडं थांबतील.”

गुरुवारी बाटलीच आली. टाइमकीपर उशीवर हात टेकून ओणवा बसला आणि रुमाल मुद्दाम बाजूला ठेवला. ओरडायचं, असं त्याने ठरवलं होतं. बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं. कागदाने नाही सांगितलं तर गळ्याने सांगायचं. सिस्टरने बाटली जोडली, चिमटा सोडला. आतून शिवण उसवायला लागली.

दाराखालच्या फटीतून मुलाचे बूट दिसले. दाराला अगदी लागून उभे, हलत नव्हते.

त्याने रुमाल उचलला आणि दातांत धरला.

झाल्यावर त्याने सिस्टरकडे हात पुढे केला.

“काय हवंय, काका?”

“कागद. रेघेचा.”

“तो आता नाही लागत.”

टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर त्याने नखाने एक आडवी रेघ ओढली. अंदाजाने दहा सेंटीमीटर. उजव्या टोकाशी उभी खूण केली, खोल, कागद फाटेपर्यंत. सिस्टरने ती बघितली. मग पुढच्या पेशंटसाठी कागद ओढून काढला, बोळा केला आणि पायाने डबा उघडून आत टाकला.

बाहेर मुलगा दारापासून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला होता, कधीपासून तिथेच असल्यासारखा.

“चौदा मिनिटं,” तो म्हणाला.

“बस. जरा वेळ बस इथे. घाई आहे?”

“नाही.”

दोघं बाकड्याच्या टोकाला बसले. काहीतरी सांगावं म्हणून टाइमकीपरने तोंड उघडलं, पण बाटलीनंतर अर्धा तास दोन-चार शब्दांपलीकडे आवाज फुटत नसे. मुलाने वाट बघितली. मनगटाकडे एकदाही बघितलं नाही.

शेजारच्या नव्या म्हातारीने पदराने कपाळ टिपत विचारलं, “दुखतं का हो?”

त्याने मान हलवली. हो. मग बोटांनी चिमट्याची खूण करून दाखवली. तिला ती कळली नाही.

“तुम्ही आईला घाबरवू नका, काका,” तिची मुलगी उभ्या उभ्या म्हणाली. “बघ आई, चौदाच मिनिटं.” आणि तिने घड्याळाकडे बघितलं.

टाइमकीपरने सवयीने हजेरी घेतली. मोठ्या डॉक्टरांना खोली मिळाली, छोट्या डॉक्टरांना अक्षरं, सिस्टरला दोनचं सुटणं. मुलाला दर गुरुवारी पंचेचाळीस मिनिटं मिळाली, त्याने न मागितलेली. बाकड्यावर आज सहा पेशंट होते. एक तो, एक भिंतीला टेकलेली ग्रंथपालबाई. उरलेल्या चौघांना तो ओळखत नव्हता. त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांनी कुठल्या कागदावर खूण केली नव्हती. गैरहजर होते, ते आले होते.